पवळ्याला गुण लागतो तेव्हा

स्वभावाबद्दल मराठीत तीन म्हणी सर्रास चालतात. ‘खाण तशी माती’ ही पहिली. ‘स्वभावाला औषध नाही’ ही दुसरी. या दोघी एका घरच्या. माणूस जन्माला आला तसाच जाणार यावर त्यांचं एकमत. तिसरी मात्र भांडकुदळ आहे: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ रक्तापेक्षा शेजार मोठा, असं ती गोठ्यातून ओरडून सांगते. आपण सोयीप्रमाणे तिन्ही वापरतो. पोरगा हुशार निघाला की खाण आपली, बिघडला की शेजारचा ढवळ्या.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर तिसऱ्या म्हणीची बाजू लढवली, पण तिच्यात एक मोठी दुरुस्ती करून. म्हणीतला पवळ्या नुसता बांधलेला असतो. माणूस तसा बांधलेला राहत नाही. तो दावं ओढतो, कधी तोडतो, दुसरा गोठा शोधतो, आणि जमलं तर गोठ्याची रचनाच बदलतो. शेजार त्याला घडवतो आणि तो शेजाराला. १९८६ साली बंडुरांनी आपल्या या मांडणीला ‘सामाजिक बोधनिक सिद्धांत’ असं नाव दिलं. नाव जड आहे, गोष्ट तशी नाही. व्यक्तीच्या मनातल्या धारणा, तिचं वागणं आणि भोवतीची परिस्थिती या तिघांची सतत देवाणघेवाण चालते. ‘स्वभाव’ नावाची वस्तू आत कुठे डबीत ठेवलेली नसते. या देवाणघेवाणीचा जो हिशेब एखाद्या माणसापाशी साचत जातो, त्याला आपण स्वभाव म्हणतो.

हा सिद्धांत पुस्तकात वाचताना पटतो आणि पुस्तक मिटलं की निसटतो. म्हणून तो एका माणसावर लावून पाहू. माणूस आदिलाबादचा: कुमरम भीम.

आदिलाबाद म्हटलं की आपल्याकडच्या अनेकांना पैनगंगेपलीकडचा कापसाचा बाजार तेवढा आठवतो. पण हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आजही बेला, जैनदच्या बाजूला घराघरात मराठी ऐकू येते. निजामाच्या काळात इथल्या डोंगरांत राजगोंड आणि कोलाम राहत, आणि जंगल ‘राखीव’ होत गेलं तशी त्यांच्या पायाखालची जमीनही सरकत गेली. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. त्यातल्या एकाला आता कुमरम भीम आसिफाबाद असं नाव आहे. ‘आरआरआर’ चित्रपटात दिसलेला भीम हा सिनेमावाल्यांच्या कल्पनेतला. त्याला इथे बाजूला ठेवू.

चरित्रकार आणि गोंड आठवणी सांगतात ती गोष्ट अशी. भीम यांचा जन्म आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. वडील वनखात्याच्या माणसांच्या हातून मारले गेले आणि कुटुंब दुसऱ्या गावी हललं. तरुणपणी भीम यांच्या हातून सिद्दीक नावाच्या जमीनदाराचा खून झाला आणि ते पळाले, ते थेट चांद्याला. तिथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याने त्यांना आसरा दिला. हा छापखाना इंग्रज आणि निजाम या दोघांच्याही विरोधातला मजकूर छापायचा. तिथे भीम इंग्रजी, हिंदी, उर्दू बोलायला-वाचायला शिकले. पुढे विठोबाला अटक झाली. भीम यांनी मंचेरियलहून गाडी पकडली आणि आसामच्या चहामळ्यात मजुरी धरली. चार-साडेचार वर्षं तिथे काढली, मजुरांच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले, तिथून निसटले आणि मालगाडीने बल्लारशाला उतरले. मग जोडेघाटचं बंड, बारा गावांची मागणी, ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा, आणि १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळ्या. गोंड समाज त्यांची पुण्यतिथी इंग्रजी तारखेने पाळत नाही. ती येते आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडे कोजागिरीचं दूध आटत असतं त्या रात्री.

आता ‘भीम यांचं व्यक्तिमत्त्व कसं होतं?’ असा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर ठरलेलं: धाडसी, करारी, स्वाभिमानी. तीन विशेषणं, तीन गुण. पण या विशेषणांनी कळतं काय? बंड का केलं? धाडसी होते म्हणून. धाडसी कशावरून? बंड केलं म्हणून. विशेषण असं आपल्याच शेपटीभोवती फिरत राहतं. बंडुरांना याच चक्रातून बाहेर पडायचं होतं. माणसाने काय पाहिलं, त्यातून काय घेतलं, स्वतःबद्दल काय मानलं आणि भोवतालाने त्याला काय करू दिलं, हे ते विचारतात.

पाहण्यापासून सुरुवात करू. १९६१ साली बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एक मोठं माणूस फुगवलेल्या बोबो बाहुलीला हातोडीने बडवत होतं, लाथा मारत होतं. नंतर या मुलांना त्याच बाहुलीपाशी सोडलं, तर त्यांनी तेच केलं, पुष्कळदा तेच शब्द उच्चारत. कोणी शिकवलं नव्हतं, बक्षीस दिलं नव्हतं. आज हे कुणाही आईला ठाऊक असलेलं वाटेल. त्या काळच्या मानसशास्त्रात मात्र शिकणं म्हणजे स्वतः करणं आणि त्याचं फळ स्वतः चाखणं, असं मानणाऱ्यांचा जोर होता. नुसतं बघून माणूस शिकतो, हे तिथे सिद्ध करून दाखवावं लागलं.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो १९६५चा प्रयोग. या वेळी मुलांना चित्रफीत दाखवली, तिचे शेवट तीन. एकीत बाहुलीला मारणाऱ्याचं कौतुक होतं, दुसरीत त्याला शिक्षा होते, तिसरीत काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी सर्वांत कमी नक्कल केली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण प्रयोग इथे संपला नाही. मग सगळ्या मुलांना सांगितलं, त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवा, खाऊ मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिक्षा पाहणारी मुलंही सगळं शिकली होती. त्यांनी ते फक्त आत ठेवलं होतं.

आता आदिलाबादच्याच मुलखातल्या निर्मल गावाकडे बघा. १८५७च्या उठावाच्या धामधुमीत याच भागात रामजी गोंड लढले आणि १८६० साली त्यांना फाशी झाली. एका वडाच्या झाडाला हजार माणसं लटकवली, अशी लोकांची आठवण आहे, आणि ते झाड हजार फासांचा वड म्हणून ओळखलं गेलं. सरकारने दाखवलेली ही चित्रफीतच होती, शिक्षेच्या शेवटाची. पुढची पिढी गप्प दिसली तर त्या गप्पपणाला आपण लगेच ‘गोंड मूळचेच भोळे, सोशिक’ असा स्वभावाचा शिक्का मारतो. १९६५चा प्रयोग ध्यानात ठेवला तर हा शिक्का घाईचा ठरतो. गप्प बसलेला माणूस शिकलेला नसतो असं नाही. रामजी गोंडांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाच्या आत काय साठलं होतं, ते दिसायला ऐंशी वर्षं लागली.

गोष्टी ऐकून शिकणं हे तर समोर बघून शिकण्याच्याही पुढचं. आंध्रच्या डोंगरातल्या अल्लुरी सीताराम राजूंच्या बंडाची (१९२२ ते १९२४) हकिकत भीम यांच्यापर्यंत पोचली होती, असं सांगतात. ढवळ्या शेजारी असायलाच हवा असं नाही. त्याची बातमी आली तरी पुरते. चांद्याचा छापखाना म्हणजे अशा बातम्यांचा कारखानाच. खिळे जुळवायला बसलेल्या तरुणाच्या हातून रोज दूरदेशीची माणसं जात असणार.

बघणं, लक्षात ठेवणं, अंगात उतरवणं आणि करावंसं वाटणं, अशा चार पायऱ्या बंडुरा मानतात. त्या एकत्र पाहायच्या तर दिवाळीत आदिलाबादच्या गोंड गुड्यात जावं. दंडारीच्या दिवसांत गुस्साडी नाचतात: डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, पायात घुंगरू, हातात काठी. मोठ्यांच्या रांगेमागे चार-पाच वर्षांची पोरं असतात. त्यांच्या डोक्यावर टोप नसतो, पण मान त्याच झोकात हलते, जणू टोपाचं वजन आहे. पाय चुकतात. ढोलाचा ठेका मात्र चुकत नाही, कारण पाऊल आधी कानात साठतं आणि मग पायात उतरतं. मारलवाईचे कनक राजू याच वाटेने तयार झाले आणि पुढे त्यांनी शेकडो मुलांना गुस्साडी शिकवलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा संच दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला नाचला. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२४च्या ऑक्टोबरात ते गेले. इतर पोरांनीही तेवढंच पाहिलं होतं, मग सगळे कनक राजू का झाले नाहीत? चौथी पायरी. दिल्लीच्या रस्त्यावर टाळ्या मिळालेल्या माणसाला ‘करावंसं वाटणं’ वेगळं असतं, आणि त्याच्याकडे बघणाऱ्या गावच्या पोरालाही.

पण नुसतं करावंसं वाटून भागत नाही. आपल्याला ते जमेल असं वाटावं लागतं. बंडुरांच्या साऱ्या मांडणीतला सर्वांत मोलाचा दाणा हाच. १९७७ साली त्यांनी तो स्वतंत्रपणे मांडला: स्व-क्षमतेवरचा विश्वास. हा आत्मविश्वास नव्हे. आत्मविश्वास म्हणजे छाती काढून चालणं. ते कुठेही करता येतं. क्षमताविश्वास एका कामापुरता असतो. जो शेतकरी विहिरीत बेधडक उतरतो त्याचाच हात बँकेचा फॉर्म भरताना थरथरतो. ठिबक लावलं तर पीक वाढेल हे त्याला पटलेलं असतं, पण ‘माझ्याच्याने ते नळ्यांचं नाही जमायचं’ हेही पटलेलं असतं. दोन वेगळे विश्वास. कृषी खात्याची पत्रकं पहिल्यावर सगळा जोर लावतात आणि दुसऱ्याला हात लावत नाहीत, असं माझं मत आहे.

हा विश्वास येतो कुठून? सर्वांत जास्त, स्वतः करून यश मिळाल्याने. सापाला घाबरणाऱ्या लोकांवर बंडुरांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोग केले. साप हाताळणारा माणूस आधी पाहायचा, मग त्याच्याबरोबर एकेक पाऊल पुढे जायचं, शेवटी साप स्वतः हातात घ्यायचा. भीती तर गेलीच, पण आयुष्यातल्या भलत्याच अडचणींनाही आपण तोंड देऊ शकतो असं त्यांच्यातल्या काहींना वाटू लागलं. कपाशीच्या रानात राबणाऱ्याला हा प्रयोग गमतीचा वाटेल. तिथे साप न बोलावता येतो.

भीम यांच्या गोष्टीत असा साप दोनदा येतो. एकदा आसामात, जिथे मजूर एकत्र आले तर मळेवाल्यालाही बोलणी करावी लागतात हे त्यांनी नुसतं ऐकलं नाही, त्यात भाग घेतला. दुसऱ्यांदा परतल्यावर काकनघाट गावी, तिथल्या लच्छू पटेलांच्या जमिनीच्या दाव्यात. आसामच्या अनुभवावर त्यांनी तो लढवला आणि त्यामुळे आसपासच्या गावांत त्यांचं नाव झालं, असं चरित्रकार नोंदवतात. बंदुकीआधी कागद आला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. कचेरीत टिकाव धरता येतो हे आधी कळलं, आणि त्यानंतर ते बारा गावांसाठी बोलू लागले. या क्रमाला ‘मूळचेच धाडसी’ म्हणून झाकून टाकलं तर घडण हरवते.

यावर एक रास्त शंका येईल. हे सारं मागाहून जुळवलेलं नाही कशावरून? चांद्याला पळून गेलेले भीम एकटे थोडेच होते? शंका खरी आहे, आणि ‘सामाजिक बोधनिक’ मांडणी फारच सैल आहे, कशावरही बसते, असा आक्षेप जाणकारही घेतात. बंडुरांनी १९८२ साली योगायोगाच्या भेटींवर एक लेखच लिहिला. त्यांना स्वतःला या विषयाची जाण होती. कॅनडातल्या मंडेर या छोट्या गावात ते वाढले. हायस्कुलाला शिक्षक दोनच, म्हणून मुलंच पुस्तकं उघडून शिकायची. पुढे विद्यापीठात ते इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर एका गाडीतून भल्या सकाळी पोचत. पहिला तास रिकामा. तो भरायला त्यांनी मानसशास्त्राचा वर्ग घेतला आणि आयुष्य त्यातच गेलं. त्यांचं म्हणणं असं की योगायोग दार उघडतो. आत शिरून काय करायचं, हे आधी साठवलेल्या शिदोरीवर ठरतं. दोन शिक्षकांच्या शाळेत स्वतः शिकायची सवय लागलेल्या मुलाला तो रिकामा तास फळला. विठोबाचा छापखाना अनेकांच्या वाटेत आला असेल. अक्षरं शिकायची भूक घेऊन आलेला एकच.

‘खाण तशी माती’ला अगदीच वाऱ्यावर सोडणंही बरं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यक्तिमत्त्वातल्या फरकांपैकी साधारण निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा निघतो. बंडुरांच्या लेखनात या निम्म्याला जागा मिळते, पण ऐसपैस नाही. मला वाटतं, ही त्यांची लंगडी बाजू.

बंडुरांच्या या विचारघराण्यातला दुसरा मोठा माणूस वॉल्टर मिशेल, जन्म व्हिएन्नाचा, १९३०चा. १९६८ साली त्यांनी एक खळबळजनक पुस्तक लिहिलं. माणूस एका ठिकाणी जसा वागतो तसा दुसऱ्या ठिकाणी वागेलच याचा भरवसा फार कमी, असं त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. मग व्यक्तिमत्त्व म्हणजे भ्रमच का? तर नाही, असं ते नंतर म्हणाले. वागणं बदलतं, पण बदलण्याची तऱ्हा कायम असते. ‘असं असेल तर तसं’ ही ज्याची त्याची जोडी ठरलेली, अंगठ्याच्या ठशासारखी.

हे समजायला सरहद्दीवरच्या परमडोली, मुकदमगुडासारख्या गावांइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही या डझनभर गावांवर हक्क सांगतात. मतदान दोन्हीकडे, रेशनकार्डं दोन, शाळाही दोन: एक मराठी, एक तेलुगू. अशा मुलखातली एखादी पोर डोळ्यांसमोर आणा. घरी तिची टकळी थांबत नाही. तेलुगू वर्गात ती शेवटच्या बाकावर मुकी. बाजारात हिंदीत घासाघीस करताना पुन्हा धीट. तेलुगूच्या बाई प्रगतिपुस्तकात ‘लाजाळू’ लिहितील, शेजारीण ‘आगाऊ’ म्हणेल. दोघी खोट्या नाहीत. पण ‘भाषा आपली असेल तर बोलते, चूक होईल तर थांबते’ हे एक वाक्य दोघींच्या विशेषणांहून जास्त सांगून जातं. आणि बाईंनी एकदा मराठीत प्रश्न विचारला, तर उद्याची ती पोर थोडी वेगळी असेल. परिस्थिती बदलली, वागणं बदललं, स्वतःबद्दलची समजूत हलली. हीच ती तिहेरी देवाणघेवाण.

परिस्थिती बदलून माणूस बदलण्याचा हा डाव आदिलाबादने एकदा मोठ्या प्रमाणावर खेळूनही पाहिला आहे. भीम मारले गेल्यावर, गोंड का बिथरले हे समजून घ्यायला निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. हेही व्हिएन्नाचेच, जन्म १९०९. ते आणि त्यांच्या पत्नी बेटी मारलवाईत गोंडांसारख्याच घरात राहिले. १९४०च्या दशकात तिथे गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं छापली गेली ती देवनागरीत, कारण या भागात मराठी लिपीच ओळखीची होती. ज्यांना जेमतेम अक्षरओळख होती अशा तरुणांना घडवून मास्तर केलं. शिकवायला बाहेरून जाणता माणूस आणणं सोपं पडलं असतं. पण बघणाऱ्याला समोरचा माणूस आपल्यासारखा वाटला तरच ‘याला जमलं, मलाही जमेल’ असं मनात येतं, हे बंडुरांनी पुढे मांडलेलं तत्त्व मारलवाईच्या झोपडीतल्या वर्गात आधीच राबत होतं. धोतर-पागोटं बापासारखं, बोली आईची, आणि हातात खडू. बेटी १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

त्याच काळात हायमेनडॉर्फ यांनी केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत दरबार भरवायला सुरुवात केली. पौष अमावस्येला मेसराम कुळातले लोक पायी चालत आणलेलं गोदावरीचं पाणी देवाला घालतात, आणि जत्रेतल्या एका दिवशी अधिकारी मांडवात येऊन गाऱ्हाणी ऐकतात. मला जमेल, याच्या पलीकडे ‘आपल्याला जमेल’ असाही एक विश्वास बंडुरांनी सांगितला, समूहाचा. तो पाहायचा तर हा मांडव. एरवी तालुक्याच्या कचेरीत जो म्हातारा व्हरांड्यातल्या खांबाला टेकून संध्याकाळपर्यंत गप्प बसेल, तोच इथे उठतो, पागोटं सारखं करतो आणि हजारो लोकांसमोर, गोंडीत, पट्ट्याच्या जमिनीचं बोलू लागतो. कागद तोच असतो. माणूसही तोच. त्याच्या धोतराला धरून उभा असलेला नातू तोंड उघडं टाकून आधी आजोबाकडे बघतो, मग लिहून घेणाऱ्या साहेबाकडे, आणि पुन्हा आजोबाकडे.